पंचांग सोडलेल्या देशातले सण

नाकानोतला पेठकर

मागच्या रविवारी आईचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "जपान्यांचा पाडवा कधी असतो रे?"

"एक जानेवारी."

"तो इंग्रजी झाला. त्यांचा स्वतःचा?"

"तोच त्यांचा स्वतःचा."

पलीकडे दोन-तीन सेकंद शांतता. मग, "म्हणजे ते तिथी बघतच नाहीत?"

टोकियोत अकरा वर्षं काढूनही फोनवर याचं धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. जपानी सणांवर फोटो टाकणारे पुष्कळ आहेत, मला या तिथीच्या भानगडीबद्दलच लिहायचंय. ती कळली की तिथले अर्धे सण असे विचित्र वेळी का येतात ते आपोआप कळतं.

तर १८७२ पर्यंत जपानातही आपल्यासारखंच चांद्र-सौर पंचांग होतं. अमावास्येपासून महिना, पंधराव्या रात्री पूर्ण चंद्र, आणि दोन-तीन वर्षांनी अधिक महिना. तेव्हाच्या मेइजी सम्राटाच्या सरकारला पाश्चात्त्यांच्या पंगतीत बसायचं होतं, त्यामुळे ग्रेगोरियन कॅलेंडर आज ना उद्या येणारच होतं. पण आलं ते कसं? ९ डिसेंबर १८७२ ला हुकूम निघाला, १ जानेवारी १८७३ पासून लागू. मधे जेमतेम तेवीस दिवस. पुढच्या वर्षाची पंचांगं छापून तयार होती, ती सगळी रद्दीत. जुन्या हिशेबातला बारावा महिना दोन दिवस चालला आणि वर्षच संपलं.

एवढी घाई का, तर सरकारी नोकरांना तेव्हा महिन्याच्या महिन्याला पगार द्यायची पद्धत पडली होती, आणि येणाऱ्या वर्षात अधिक महिना होता. म्हणजे तेरा पगार. तिजोरीत खडखडाट. कॅलेंडर बदललं की तेरावा पगार वाचतो, वर त्या दोन दिवसांच्या बाराव्या महिन्याचाही वाचतो. धोंड्याचं वाण द्यायला नको म्हणून अधिक महिनाच रद्द करणारा सासरा डोळ्यांपुढे आणा.

सरकारचे पैसे वाचले, सणांची मात्र पांगापांग झाली. त्यांच्या तीन गती झाल्या.

काही सण आकड्याला चिकटून राहिले. तीन मार्चचा हिनामात्सुरी, मुलींचा बाहुल्यांचा सण, याचं जुनं नाव 'पीचच्या फुलांचा सण'. जुन्या तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी पीच खरोखर फुललेला असायचा. आता तीन मार्चला टोकियोत स्वेटर घालून बसावं लागतं आणि फुलं फुलवाल्याकडून आणावी लागतात. त्याहून वाईट दशा तानाबाताची. सातव्या महिन्याची सातवी रात्र: आकाशगंगेच्या दोन काठांवर ताटातूट झालेली विणकरीण ओरिहिमे आणि गुराखी हिकोबोशी वर्षातून एकदा भेटतात. ते म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण हे तारे. जुन्या पंचांगाने ही रात्र ऑगस्टच्या आसपास यायची, आकाश मोकळं. आता ती सात जुलैला, ऐन पावसाळ्यात. बांबूला रंगीत चिठ्ठ्या बांधून पोरं इच्छा मागतात आणि वर ढग. माझ्या लेकीने बालवाडीत असताना चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पाऊस थांबू दे." बाकी काहीच मागितलं नाही.

दुसरी गत शहाण्या लोकांनी शोधली: सण सरळ एक महिना पुढे ढकलायचा. सेनदाईचा प्रसिद्ध तानाबाता म्हणूनच ६ ते ८ ऑगस्टला असतो. पितरांचा ओबोनही बहुतेक जपानात १५ ऑगस्टच्या सुमाराला. टोकियोत मात्र बऱ्याच ठिकाणी तो जुलैतच उरकतात. राजधानी ना, सरकारी आकडा पाळणार!

तिसरी गत अगदी थोड्यांची. त्यांनी चंद्र सोडलाच नाही. आठव्या महिन्याची पौर्णिमा, त्सुकिमी, आजही खऱ्या चंद्रावर चालते, त्यामुळे दरवर्षी तारीख बदलते. २०२४ मध्ये ती १७ सप्टेंबरला होती, म्हणजे आपल्या अनंत चतुर्दशीला. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला, बरोबर कोजागिरीच्या रात्री. मी गॅलरीत आटीव दूध आणि तांदळाच्या पिठाचे पंधरा दांगो शेजारी शेजारी ठेवले. दूध आधी संपलं.

सूर्यावर चालणाऱ्या सणांना कसलाच धक्का लागला नाही, आपल्या संक्रांतीसारखं. सेत्सुबुन त्यातला. वसंत लागण्याच्या आदल्या संध्याकाळी भाजलेले सोयाबीन फेकून 'ओनी' म्हणजे राक्षसांना घराबाहेर हाकलायचं. एरवी ३ फेब्रुवारी. २०२१ मध्ये तो १२४ वर्षांनी पहिल्यांदा २ तारखेला आला तर टीव्हीवर दिवसभर तीच बातमी.

बाकी प्रतिसादांत येईलच. ओसाकाच्या वहिनी आहेत इथे, त्यांनी नववर्षावर लिहावं. मी ३१ च्या रात्रीच्या तोशिकोशी सोबा, म्हणजे वर्ष सरतानाच्या शेवया, खाऊन झोपणाऱ्यांतला.

---

गोटीसोडा

धोंड्याचं वाण वाचून चहा नाकातून आला. कुठल्याही देशाचा अर्थमंत्री सारखाच.

---

दशमी

छान लेख. एक शंका. ओबोन म्हणजे पितृपक्षच ना? नैवेद्य, कावळा वगैरे काही असतं का?

---

नाकानोतला पेठकर

दशमीताई, कावळा नाही. टोकियोचे कावळे कचऱ्याच्या पिशव्या फाडण्यात गुंतलेले असतात, त्यांना पिंड ठेवला तर जन्मभर दारात येतील.

भाव मात्र तोच. १३ ऑगस्टच्या संध्याकाळी दारात छोटा जाळ करतात, पितरांना घर दिसावं म्हणून. १६ तारखेला तसाच जाळ करून निरोप. क्योटोत त्याच रात्री भोवतालच्या पाच डोंगरांवर अग्नीने आकृत्या पेटवतात, त्यातलं 'दाइ' हे अक्षर सगळ्यांत ओळखीचं.

मला सगळ्यांत आवडतात ती वाहनं. काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करायचा आणि वांग्याला लावून गाय. घोडा येताना, लवकर पोचावं म्हणून. गाय जाताना, सावकाश जावं आणि पाठीवर शिदोरी मावावी म्हणून. आमच्या घरमालकीणबाई पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत. दरवर्षी वांगं निवडताना पारखून पारखून दहा वांगी परत ठेवतात. "आमचे हे जाडे होते, हिला पेलवणार नाहीत."

---

ओसाकाची वहिनी

पेठकरभावजी, आमंत्रणाबद्दल आभार. सोबा खाऊन झोपता म्हणून तुम्हाला ओसेचीची, म्हणजे नववर्षाच्या खास जेवणाची, मेहनत दिसत नाही.

माझं सासर ओसाकाचं, नवरा इथलाच. पहिल्या वर्षी सासूबाईंनी २८ डिसेंबरला मला स्वयंपाकघरात उभं केलं आणि एका पातेल्यात काळे सोयाबीन भिजत घातले, सोबत कापडाच्या पुरचुंडीत बांधलेले गंजके खिळे! मी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. लोखंडाने दाण्याला तुकतुकीत काळा रंग येतो म्हणे. मग साखरेच्या पाण्यात मंद आचेवर तासन् तास. दाण्यावर सुरकुती पडता कामा नये. दर अर्ध्या तासाने झाकण काढून पाणी बघायचं, एखादा दाणा पाण्याबाहेर डोकावला की तो सुरकुतलाच. सासूबाई रात्री दोनदा उठून गेल्या. आता खिळे माझ्याकडे आलेत. माहेरून सोन्याच्या पाटल्या आल्या होत्या, सासरहून खिळे.

प्रत्येक पदार्थात शब्दांचा खेळ असतो. 'मामे' म्हणजे दाणा आणि 'मामे' म्हणजे कष्टाळू, धडधाकट. हेरिंग माशाची गाबोळी कारण अंडी पुष्कळ, म्हणजे वंश वाढो. (माझ्या ताटात ती जास्त वाढली जायची. दुसरी मुलगी झाल्यावर थांबली.) तीन मजली लाखेच्या डब्यात सगळं रचायचं म्हणजे तीन दिवस चूल पेटवायला नको. हल्ली निम्म्या घरांत डबा दुकानातून येतो, ऑक्टोबरातच नोंदवावा लागतो.

आणि ओझोनी! मोचीचं, म्हणजे चिकट तांदूळ कांडून केलेल्या गोळ्यांचं, सूप. टोकियोवाले चौकोनी मोची भाजून पातळ रश्शात टाकतात. आमच्याकडे गोल मोची, पांढऱ्या मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात. नवरा टोकियोला नोकरीत असताना कुणाकडे तरी एक जानेवारीला चौकोनी मोची खाऊन आला, ते सासूबाई अजून काढतात. पुरणपोळी गुळाची की साखरेची याच्या वरताण.

मोची म्हाताऱ्या माणसांच्या घशात अडकून दरवर्षी माणसं दगावतात, हेही लिहिते. अग्निशमन दल डिसेंबरात सूचना देतं: लहान तुकडे करा, आधी घसा ओला करा. आम्ही सासऱ्यांना बोराएवढे तुकडे करून देतो. ते रुसतात.

---

कंदील

वहिनी, दंडवत. खिळे एक नंबर.

३१ च्या रात्रीबद्दल थोडी भर. देवळांत १०८ घंटा पडतात, माणसाच्या १०८ विकारांसाठी. जपमाळेचे मणी तेवढेच. १०७ जुन्या वर्षात आणि शेवटची नव्यात, असा रिवाज. मी क्योटोत शिकत असताना एका लहान देवळात रांग लावून एक टोला मारलाय. ओंडका दोरीने मागे ओढून सोडायचा. टोला बसला की आवाज कानात नाही, छातीत येतो.

अलीकडे काही देवळांनी या घंटा दुपारी वाजवायला सुरुवात केली आहे. कारण? आसपासच्या रहिवाशांच्या आवाजाबद्दल तक्रारी. आपल्याकडच्या डीजेपुढे हे वाचून हसावं की रडावं कळत नाही.

---

विश्वगुरू लाइट

बघा! १०८ आपले, पितर आपले, चंद्र आपला. त्यांच्याकडे सरस्वती 'बेंझाइतेन' नावाने, लक्ष्मी 'किचिजोतेन' नावाने. क्योटोच्या गिओन उत्सवाचं 'गिओन' म्हणजे आपल्या श्रावस्तीचं जेतवन. सगळं इथूनच गेलंय. जपानी लोक मान्य करतात, आपल्यालाच किंमत नाही.

---

कंदील

गेलं हे खरं, गुरू. पण वाटेत काय काय झालं तेही बघाल की नाही? ओबोनचं मूळ 'उल्लंबन' शब्दात सांगतात. मौद्गल्यायन, बुद्धाचा शिष्य, आपल्या मेलेल्या आईला प्रेतलोकात उपाशी पाहतो आणि भिक्षूंना जेवण घालून तिला सोडवतो. ही गोष्ट चीनमध्ये वाढली, तिथल्या मातृपितृभक्तीने तिला एवढं मोठं केलं. जपानात आल्यावर तिला त्यांचे स्वतःचे पूर्वज चिकटले, मग काकडीचा घोडा आला, मग सगळ्या गल्लीचा नाच आला. आपल्या पितृपक्षात नाचाल का?

जेतवनाचं तर आणखी गमतीचं. ८६९ मध्ये रोगराई पसरली तेव्हा देशातल्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारून शांत केली, तिथून क्योटोचा गिओन उत्सव धरतात. देव होता गोझू तेन्नो, बैलाच्या डोक्याचा, जेतवनाचा रखवालदार म्हणून मानलेला. १८६८ मध्ये सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे करायचा हुकूम काढला, तेव्हा देवाचं नाव बदललं आणि 'गिओन' देवळाचं 'यासाका' झालं. उत्सवाचं नाव मात्र लोकांनी सोडलं नाही. आता यातलं कुणाचं किती, कसं मोजणार?

---

विश्वगुरू लाइट

बरं बरं. मुद्दा मान्य, सूर अमान्य. हलके घ्या.

---

मुळशीकर

मंडळी, कामाचं विचारतो. बायको आणि सत्तरीच्या सासूबाईंबरोबर जुलैत जायचा विचार आहे, फक्त गिओनसाठी. जमेल का? आणि तो उत्सव महिनाभर चालतो म्हणतात, मग नेमकं कधी जावं?

---

कंदील

१७ जुलैची रथांची मिरवणूक मुख्य, २४ ची दुसरी. ही दुसरी १९६६ पासून पहिल्यातच मिसळून टाकली होती, २०१४ मध्ये पुन्हा वेगळी केली. २४ ला रथ कमी, गर्दीही कमी, सासूबाईंना तीच सोसेल. क्योटो म्हणजे डोंगरांनी वेढलेली परात आहे, जुलैत हवा हलत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पुण्याचा ऑक्टोबर मिसळा. टोपी, पाणी आणि सावलीतली जागा आधी, रथ नंतर.

चुकवू नये असं एकच: चौकातलं वळण. मोठ्या 'होको' रथाचं वजन बाराएक टन, उंची पंचवीस मीटरच्या घरात, आणि चाकं वळत नाहीत. मग चाकांखाली चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या पसरतात, त्यावर बादल्यांनी पाणी ओततात, आणि पुढचे दोघे पंखे हलवून इशारा देतात, तशी चाळीस-पन्नास माणसं दोर आडवा ओढतात. बाजूला गच्च दाटलेला जमाव एकदम गप्प. करकर आवाज होतो आणि अख्खं देऊळ एका हिसक्यात तीसेक अंश फिरतं. मग पुन्हा पट्ट्या, पुन्हा पाणी. तीन-चार हिसक्यांत वळण पुरं. एवढ्या सांगाड्यात खिळा नाही, सगळं दोरखंडांच्या गाठींवर. अंगावर बेल्जियममध्ये विणलेले सोळाव्या शतकातले पडदे आणि इराणी-हिंदुस्थानी गालिचे. गुरूंना खूश करायला सांगतो.

'ताकायामा' नावाचा रथ १८२६ च्या पावसात खराब झाला, तो २०२२ मध्ये मिरवणुकीत परत आला. १९६ वर्षांनी. मधल्या काळात त्या गल्लीने रथाच्या मूर्ती सांभाळून ठेवल्या होत्या.

आणि तिथे 'चिमाकी' विकत मिळेल, बांबूच्या पानात गुंडाळलेली. ती खायची नसते! दाराला बांधायची, रोगराई येऊ नये म्हणून. आमच्या वसतिगृहात एका पुणेकराने सोलून आत भात शोधला होता.

---

मुळशीकर

तो पुणेकर तुम्हीच होतात असं वाटतंय. धन्यवाद, २४ पक्की करतो.

---

दशमी

पेठकर, तुम्ही स्वतः कशात भाग घेतलाय? की नुसतेच गॅलरीतून?

---

नाकानोतला पेठकर

गॅलरीवरून आठवलं. मिकोशी, म्हणजे देवाची पालखी, रस्त्याने जात असताना वरच्या मजल्यावरून खाली बघू नये असा संकेत आहे. देवाच्या डोक्यावरून बघणं झालं ना. पहिल्या वर्षी मी दुसऱ्या मजल्यावरून फोटो काढत होतो. खालून एका आजोबांनी हाताने खुणावलं, खाली ये. मला वाटलं रागावणार. खाली गेलो तर माझ्या अंगावर गल्लीच्या नावाचा निळा हाप्पी, म्हणजे उत्सवाचा डगला, चढवला आणि दांड्याखाली ढकललं.

आमचा उत्सव सप्टेंबरात. बाप्पाच्या दिवसांत मी इथे देव खांद्यावर घेतो, त्यामुळे दरवर्षी घरच्या आरतीच्या व्हिडिओ कॉलला उशीर होतो. चाल आपल्या पालखीची नाही. जेजुरीला पालखी धावते, इथे इंच इंच सरकते. पावलं अगदी लहान, सगळ्यांची एका ठेक्यात, आणि खांद्यावरचा देव मुद्दाम गदागदा हलवायचा. हलवल्याने त्याची शक्ती जागी होते म्हणतात. मी पाच फूट चार इंच. माझ्या मागे एक सहा फुटी पोरगा असला की सगळं वजन त्याच्यावर आणि मी दांड्याला नुसता लोंबकळतो. पुढेमागे बुटके असले की माझा खांदा गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बॅग उजव्या खांद्यावर घेता येत नाही, लोक ओळखतात.

मंडप तर अगदी आपल्या मंडळाचा. वर्गणीदारांची नावं आणि रकमा कागदावर जाड ब्रशने लिहून ओळीने भिंतीला लावलेल्या. दहा हजार येनवाले वर, तीन हजारवाले खाली. एका कोपऱ्यात साकेच्या मोठ्या बाटल्या, दुसऱ्यात पोरांसाठी खाऊच्या पिशव्या. हिशेबाच्या वहीवर त्या खुणावणाऱ्या आजोबांचा डोळा. संध्याकाळी देव जागेवर गेला की सगळे एकदम टाळ्या वाजवतात: तीन, तीन, तीन आणि एक. झालं. भाषण नाही.

आजोबा आता एकोणऐंशीचे. आमच्या गल्लीत उचलायला माणसं पुरत नाहीत, बाहेरच्या पालखी-मंडळांतून बोलवावी लागतात. मागच्या वर्षी दांड्याखाली आम्ही दोन भारतीय, तीन नेपाळी आणि एक व्हिएतनामी होतो. नेपाळी पोरं सगळ्यांत भारी. ताल कधी चुकत नाहीत.

---

रीळ अडकली

माणसं पुरत नाहीत हे सगळीकडचं झालंय. इवाते प्रांतातल्या कोकुसेकी-जी देवळाचा हजार वर्षांचा 'सोमिनसाइ', कडाक्याच्या थंडीत लंगोट्या लावलेल्या पुरुषांची झोंबाझोंबी, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटचा झाला. तयारीचं काम करणारी माणसं म्हातारी झाली. बंद. त्याच महिन्यात आइची प्रांतातल्या कोनोमियाच्या अशाच उत्सवात बायकांना पहिल्यांदा अधिकृतपणे भाग घेऊ दिला. एक दार मिटलं, एक उघडलं.

पण धाग्यात नवे सण कुठेत? सगळं जुनंच चाललंय. शिकोकू बेटावरच्या कोची शहराचा योसाकोइ हा नाचाचा उत्सव १९५४ चा आहे. युद्धानंतरची मंदी, दुकानं ओस, म्हणून तिथल्या व्यापारी मंडळाने काढला. नियम दोनच: हातात 'नारुको' हवी आणि गाण्यात कुठेतरी 'योसाकोइ नारुको ओदोरी' या मूळ गाण्याचा तुकडा हवा. बाकी रॉक वाजवा, सांबा वाजवा. नारुको म्हणजे भातशेतातली पाखरं हाकलायची लाकडी टकटकी. शेतकऱ्याचं बुजगावणं उचलून नाचात घातलं, ही कल्पना मला फार आवडते. पुढे होक्काइदोच्या एका विद्यार्थ्याने कोचीत हे पाहिलं आणि १९९२ मध्ये साप्पोरोत सुरू केलं. साप्पोरोचा बर्फोत्सवही असाच, १९५० मध्ये शाळकरी मुलांनी बागेत सहा बर्फाचे पुतळे केले, तिथून.

माझं मत: जपानात परंपरा म्हणजे कुणीतरी सुरू केलेली आणि पुढच्या वर्षी न विसरता पुन्हा केलेली गोष्ट. ख्रिसमसला तळलेली कोंबडी खातात, ती केएफसीच्या १९७४ च्या जाहिरातीपासून. आता घरोघरी आहे, आठवडाभर आधी नोंदवावी लागते. २५ ला सुट्टी नाही, पण कोंबडी आणि स्ट्रॉबेरी केक हवाच.

---

ओसाकाची वहिनी

+१. आणि एहोमाकी राहिली! सेत्सुबुनला त्या वर्षीच्या शुभ दिशेकडे तोंड करून अख्खी जाडजूड सुशीची गुंडाळी एका दमात, एक शब्द न बोलता खायची. ही आमच्या ओसाकाकडची रीत. १९९० च्या दशकात कोपऱ्यावरच्या दुकानांनी देशभर नेली आणि मग एवढी केली की रात्री टनावारी कचऱ्यात. २०१९ मध्ये कृषी मंत्रालयाला सांगावं लागलं की बाबांनो, खपेल तेवढीच करा.

आमच्याकडे त्या संध्याकाळी सासरे राक्षसाचा मुखवटा घालून येतात. धाकटीने गेल्या वर्षी दाणे इतक्या जोरात मारले की ते ओरडले, "मी आजोबा आहे." ती म्हणाली, "राक्षस असंच म्हणतात."

---

गोटीसोडा

टोकियोतल्या शिबुयाच्या हॅलोविनबद्दल कुणी बोलत नाही. मी २०१८ ला तिथेच होतो. गर्दीने एक छोटा ट्रक उलटा केला. पुढच्या वर्षी रस्त्यावर दारू प्यायला बंदीचा नियम, २०२३ मध्ये महापौरांनी जाहीर सांगितलं, येऊ नका, आणि हाचिको कुत्र्याचा पुतळासुद्धा झाकून ठेवला. हा सण काही रुजला नाही. गल्लीतल्या आजोबांचा डोळा हिशेबावर नसला की असं होतं.

---

दशमी

अवांतर: त्यांच्यात शुभ-अशुभ दिवस बघतात का? पंचांग नाही म्हणता म्हणून विचारलं.

---

नाकानोतला पेठकर

अवांतर कसलं, मुद्द्यालाच हात घातलात. पंचांग गेलं पण कोपऱ्यात लपून बसलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली बारीक अक्षरात सहा दिवसांचं चक्र असतं, तेही जुन्या चांद्र तारखेवरून काढलेलं. 'ताइआन' म्हणजे उत्तम दिवस, लग्नाच्या हॉलचा दर त्या दिवशी चढा. 'बुत्सुमेत्सु' वाईट, हॉल स्वस्त. आणि 'तोमोबिकी' म्हणजे सोबत्याला ओढणारा, त्या दिवशी अंत्यसंस्कार करत नाहीत. पुष्कळ ठिकाणी दाहगृहालाच सुट्टी. आईला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे पंचक."

एवढ्यावर तिचं समाधान झालं. जपानी माणसांबद्दलचं मत सुधारलं.

---

विश्वगुरू लाइट

आता शेवटचा प्रश्न, भांडणासाठी नाही. बाप्पा आहे का तिकडे?

---

कंदील

आहे. नाव 'कांगितेन'. मूर्ती मात्र दिसत नाही, पडद्याआड असते. बहुतेक वेळा गजमुखी जोडी, एकमेकांना मिठी मारलेली. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन म्हणून देऊळ आहे, तिथे नैवेद्य मुळ्याचा. पांढरा, हातभर लांब. देवळाच्या खांबांवर, पायऱ्यांवर, सगळीकडे दोन मुळ्यांचं चिन्ह. ७ जानेवारीला तिथे मुळ्यांचा उत्सव असतो, उकडलेल्या मुळ्यावर मिसो घालून सगळ्यांना फुकट.

मुळा बघून नाकं मुरडू नका. आपल्याकडच्या जुन्या गणेशमूर्तींच्या हातातही मुळा सापडतो. आपण विसरलो, त्यांनी ठेवला.

---

विश्वगुरू लाइट

मुळा ठीक. मोदक?

---

कंदील

क्योटोत यासाका देवळाच्या जवळ एक जुनं मिठाईचं दुकान आहे. तिथे 'कांकिदान' मिळतं. तांदूळ-गव्हाच्या पारीत अझुकीचं, म्हणजे लाल बारीक घेवड्याचं, गोड, सुगंधी सारण. पूर्वी म्हणे सुकामेवा असायचा. वर पुरचुंडीसारखी मुरड, तिच्या आठ कळ्या, कमळाच्या पाकळ्या म्हणून. मग तिळाच्या तेलात बराच वेळ तळतात. चीनमार्गे हजार वर्षांपूर्वी आलेला पदार्थ, आणि हे नावच 'मोदक' या शब्दाचं भाषांतर आहे.

---

नाकानोतला पेठकर

हा प्रतिसाद वाचून शनिवारी क्योटोला कामासाठी गेलो तेव्हा मुद्दाम घेतला. दगड आहे. डब्यावर नाही लिहिलेलं, पण दुकानातल्या बाईंनी सांगितलं की थोडा भाजून घ्या. टोस्टरमध्ये दोन मिनिटं ठेवला, कडा मऊ झाल्या, आत दालचिनी आणि धुपाच्या मधला काहीतरी वास. पहिल्या घासाला देवघरात बसल्यासारखं वाटतं. लेक म्हणाली, "अगरबत्तीची करंजी."

आईला फोटो पाठवला. तिने मोठा करून बघितला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला.

"मुरड छान आलीये. कळ्या आठच का? आणि चतुर्थीला करतात का ते विचार."

कंदील, काय सांगू तिला?

---

कंदील

चतुर्थी १८७३ पासून नाही म्हणावं.